आतड्याच्या पेशींचा अडसर मोजायचा कसा: कॅको-२, टीईईआर आणि भिरंडाचा अर्क

प्रकल्पाचे विषय ठरवायची वेळ आली की गोव्यातल्या एमएस्सी आणि एमफार्मच्या वर्गांत भिरंडाचं, म्हणजे कोकमाचं, नाव हमखास निघतं. भिरंडाच्या अर्काने आतड्याचा अडसर मजबूत होतो का? प्रश्न चांगला आहे, आणि साध्या पेशी-संवर्धनाच्या खोलीत तपासता येण्याजोगा आहे. अडचण पुढे येते. अहवालात शेवटी एकच आकडा उरतो, टीईईआरचा, म्हणजे पेशींच्या थराच्या आरपार विजेला होणाऱ्या रोधाचा. तो वाढला की सोलकढी गुणकारी, घटला की प्रयोग फसला. माझ्या मते त्या एकट्या आकड्यावर काहीच ठरवू नये. रोध, झिरपणारा रंग आणि सूक्ष्मदर्शकाखालचं चित्र अशा तीन गोष्टी एकाच थरावर बघितल्या तर बोलायला आधार मिळतो. हा लेख त्या तिन्ही गोष्टी कशा करायच्या याबद्दल आहे. हातात पहिल्यांदाच पिपेट धरणाऱ्यासाठी तो नाही. पेशी वाढवणं आणि पॅसेज करणं येतं असं धरून चाललो आहे.

आधी थोडं समजून घ्या

आतडं, मूत्रपिंडाच्या नलिका, मूत्राशय, त्वचा या सगळ्यांवर अभिस्तर ऊतींचा थर असतो. कुठलाही पदार्थ हा थर दोन वाटांनी ओलांडतो: पेशीच्या आरपार, किंवा दोन पेशींमधल्या फटीतून. पत्रावळीत रस्सा पानातून गळत नाही, दोन पानांच्या जोडातून गळतो, आणि चोयांचे टाके किती जवळ घातलेत यावर सगळं अवलंबून असतं. पेशींमधले हे टाके म्हणजे टाइट जंक्शन. १९६३ मध्ये फारक्वार आणि पालाडे यांनी इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली या सांध्यांची रचना नीट दाखवली. ते कशाचे बनलेत हे कळायला मात्र पुढची तीन दशकं गेली: १९८६ मध्ये झेडओ-१ हे प्रथिन, १९९३ मध्ये ऑक्लुडिन, आणि १९९८ मध्ये जपानच्या क्योटोमध्ये फुरुसे आणि त्सुकिता यांना सापडलेली क्लॉडिन प्रथिनं.

खरा कारभार क्लॉडिनच्या हातात आहे. त्यांचे वीसहून अधिक प्रकार आहेत आणि सगळे फट बुजवत नाहीत. क्लॉडिन-१ बुजवतं, ते नसलेली उंदराची पिल्लं त्वचेतून पाणी उडून गेल्याने जन्मानंतर एका दिवसात मरतात. उलट क्लॉडिन-२ सोडियमसारख्या धन आयनांसाठी आणि पाण्यासाठी बारीक छिद्रं तयार करतं. शिवाय या छिद्रांतून जे जात नाहीत अशा मोठ्या रेणूंसाठी वेगळी, संथ गळतीची वाट असते. छिद्रांची वाट आणि गळतीची वाट हा फरक डोक्यात पक्का ठेवा, शेवटी निकाल वाचताना सगळं त्यावर येऊन थांबणार आहे.

आपल्याकडे याचं उदाहरण खाजनांत, म्हणजे खाडीकाठच्या बांध घातलेल्या शेतांत, पोहतं. मांडवीच्या खाडीचं पाणी पावसाळ्यात जवळजवळ गोडं होतं आणि उन्हाळ्यात खारट, तरी शेवटोसारखे मासे तिथंच राहतात. अशा माशांच्या कल्ल्यांतले सांधे पाण्याच्या खारेपणाप्रमाणे बदलतात. खाऱ्या पाण्यात मीठ बाहेर टाकणाऱ्या पेशींच्या कडेचे सांधे मुद्दाम सैल असतात, कारण सोडियमला तिथूनच बाहेर पडायचं असतं. तेव्हा घट्ट म्हणजे चांगलं आणि सैल म्हणजे वाईट हे समीकरण पहिल्या दिवशीच सोडून द्या.

पेशी आणि खोली

आतड्यासाठी कॅको-२ घ्या. मुळात त्या माणसाच्या मोठ्या आतड्याच्या कर्करोगातून आलेल्या, पण गच्च भरल्यावर तीन आठवडे तशाच ठेवल्या की लहान आतड्याच्या शोषक पेशींसारख्या वागू लागतात. तेवढा वेळ नसेल तर कुत्र्याच्या मूत्रपिंडातल्या एमडीसीके पेशी काही दिवसांत तयार होतात; सराव करायला त्या उत्तम, आतड्याबद्दल बोलायला मात्र नाहीत.

पुण्याच्या राष्ट्रीय पेशी विज्ञान केंद्राच्या संग्रहातून पेशी घेता येतात. वाढत्या पेशींचा फ्लास्क प्रवासात आणायचा असेल तर तो गळ्यापर्यंत मीडियाने (पेशींच्या पोषक द्रावणाने) भरलेला असावा; अर्धवट भरलेल्या फ्लास्कमधलं पाणी घाटाच्या वळणांवर हिंदकळतं आणि पेशी सुटतात. आल्यावर एक रात्र इनक्युबेटरमध्ये तशाच राहू द्या, दुसऱ्या दिवशी जास्तीचा मीडिया काढा. पहिल्याच आठवड्यात मायकोप्लाझ्माची तपासणी करा आणि काही व्हायल गोठवून ठेवा. माणसाच्या पेशी असल्याने काम बायोसेफ्टी कॅबिनेटमध्येच.

गोव्याच्या पावसाळ्याबद्दल वेगळं सांगायला हवं, कारण तीन आठवडे चालणारा प्रयोग बुरशीने विसाव्या दिवशी जातो तेव्हा सगळंच पुन्हा करावं लागतं. पुठ्ठ्याचे खोके संवर्धनाच्या खोलीत आणूच नका. दमट पुठ्ठा म्हणजे बुरशीची शेती. इन्सर्टची (तळाला सच्छिद्र पटल असलेल्या, वेलमध्ये बसणाऱ्या कपांची) पाकिटं बाहेरच खोक्यातून काढा, पुसा आणि मग आत न्या. वॉटर बाथचं पाणी दर आठवड्याला बदला. इनक्युबेटरच्या ट्रेमध्ये नळाचं पाणी कधीही नको, निर्जंतुक ऊर्ध्वपातित पाणीच. एसीची जाळी जूनच्या आधी धुऊन घ्या. वीज गेल्यावर इनक्युबेटर किती वेळ तग धरतो हे आधीच तपासून ठेवा आणि त्या काळात दार उघडू नका. जमलं तर मोजमापाचे आठवडे नोव्हेंबर ते फेब्रुवारीत पाडून घ्या.

पेशी पेरणं

०.४ मायक्रोमीटर छिद्रांचे, बारा वेलच्या प्लेटचे इन्सर्ट सगळ्यांत सोयीचे. त्यांच्या पटलाचं क्षेत्रफळ बहुधा १.१२ चौरस सेंटिमीटर असतं (तुमच्या पाकिटावरचं बघून घ्या, तेच सूत्रात जाणार आहे). आत ०.५ मिलिलिटर, बाहेर १.५ मिलिलिटर मीडिया. डीएमईएम या मीडियात १० टक्के सीरम आणि १ टक्का नॉन-एसेन्शियल अमिनो आम्लं पुरेत.

फ्लास्क ७० ते ८० टक्के भरला असताना ट्रिप्सिन करा. कॅको-२ हट्टी असतात, घाई करून गुठळ्या उचलल्या तर पुढे थर एका जागी दुपदरी आणि शेजारी विरळ होतो. सूक्ष्मदर्शकाखाली एकेक पेशी सुटलेली दिसेपर्यंत हलक्या हाताने पिपेट करत राहा. चौरस सेंटिमीटरला सुमारे ८०,००० पेशी धरल्या तर एका इन्सर्टला सुमारे ९०,००० लागतात, म्हणजे द्रावण मिलिलिटरला १ लाख ८० हजारांचं. बाहेरच्या खणात मीडिया आधी घाला आणि पेशी नंतर आत. घातल्यावर प्लेट गोल फिरवू नका, पेशी मधोमध गोळा होतात; पुढे-मागे, डावी-उजवीकडे हळू सरकवा आणि दहा मिनिटं हूडमध्येच राहू द्या.

किमान तीन इन्सर्ट पेशींशिवाय ठेवा. पाकिट महाग असतं म्हणून इथं कंजुषी करण्याचा मोह होतो, करू नका. हे रिकामे इन्सर्ट बाकीच्यांबरोबरच वाढतात, त्यांचाही मीडिया बदलला जातो.

एकवीस दिवस

दर दोन-तीन दिवसांनी मीडिया बदला. काढताना बाहेरचा आधी, भरताना आतला आधी, म्हणजे पटलाला खालून दाब बसत नाही. पिपेटचं टोक इन्सर्टच्या भिंतीला टेकवा, पटलाला नाही. शेजारी साध्या प्लास्टिकवर त्याच पेशी वाढवत असाल तर दुसऱ्या आठवड्यात थराला फोडांसारखे घुमट आलेले दिसतील. पेशी मीठ-पाणी खाली ढकलताहेत आणि सांध्यांमुळे ते परत येऊ शकत नाही, हे डोळ्यांना दिसणारं लक्षण. इन्सर्टवर घुमट येत नाहीत, तिथं पाणी छिद्रांतून निघून जातं.

टीईईआर मोजणं

टीईईआर म्हणजे थराच्या आरपार विजेला होणारा रोध. मीटर अगदी लहान प्रत्यावर्ती प्रवाह सोडतो आणि रोध ओहममध्ये दाखवतो. चॉपस्टिकसारख्या जोड-इलेक्ट्रोडची लांब दांडी बाहेरच्या खणात तळाला टेकते, आखूड दांडी इन्सर्टच्या आत पटलाच्या वर तरंगती राहते.

१. प्लेट इनक्युबेटरमधून काढून हूडमध्ये वीस मिनिटं ठेवा, दर वेळी तितकीच.
२. इलेक्ट्रोड ७० टक्के इथेनॉलमध्ये दहा मिनिटं बुडवा, वाळू द्या, मग निर्जंतुक मीडियात धुवा.
३. तपासणी-रोधक लावून मीटर त्यावर लिहिलेला आकडा दाखवतो का ते बघा.
४. रिकाम्या इन्सर्टपासून सुरुवात करा.
५. प्रत्येक इन्सर्टच्या तिन्ही खिडक्यांतून एकेक वाचन घ्या, इलेक्ट्रोड सरळ उभा धरून.
६. शेवटी रिकामे इन्सर्ट पुन्हा मोजा.

वीस मिनिटांचा नियम फाजील वाटेल, पण सगळ्यांत जास्त घोळ इथंच होतो. तापमान उतरलं की रोध वाढतो. प्लेट ३७ अंशांवरून आली आणि एसी २२ वर असला, तर पहिला इन्सर्ट गरम असताना मोजला जातो आणि बारावा गार झाल्यावर. बारावा जास्त घट्ट दिसतो आणि तुम्ही त्यात अर्काचा परिणाम शोधत बसता. मे महिन्यात एसी बंद पडून खोली ३२ वर गेली की त्याच पेशी अचानक सैल दिसतात. खोलीचं तापमान वहीत लिहा, नमुन्यांचा क्रम दर वेळी बदला. गरम प्लेट असेल तर ३७ अंशांवरच मोजा आणि शेवटपर्यंत तेच ठेवा.

आता हिशेब. समजा तीन वाचनं ५२०, ५१६ आणि ५२७ आली, सरासरी ५२१. रिकाम्याचा रोध ११८. वजाबाकी ४०३. त्याला क्षेत्रफळाने गुणायचं: ४०३ × १.१२ = सुमारे ४५१ ओहम चौरस सेंटिमीटर. भागायचं नाही. पटल मोठं असेल तर विजेला वाटा जास्त, म्हणून कच्चा रोध कमी दिसतो. गुणाकार तो फरक पुसून टाकतो. एकक 'ओहम प्रति चौरस सेंटिमीटर' असं लिहिलेलं दिसलं की परीक्षकाने तिथंच वाचन थांबवावं.

किती आला म्हणजे पुरे? अनेक प्रयोगशाळा कॅको-२ साठी २५० ते ३०० च्या पुढे थर स्वीकारतात, पण पेशींची वंशावळ, पॅसेज आणि मीडिया यांनुसार हा आकडा फार हलतो. दुसऱ्याच्या शोधनिबंधातल्या आकड्याशी शर्यत लावू नका. माणसाचं खरं लहान आतडं कॅको-२ पेक्षा बरंच सैल असतं. आपल्याला हवा तो पठाराचा काळ: लागोपाठ तीन मोजणींत आकडा फारसा न हलणं. प्रयोग तिथून पुढे.

थर खरंच उघडतो का, हे आधी दाखवा

अर्क घालण्याआधी दोन इन्सर्टवर कॅल्शियमचा प्रयोग करा. पेशींना एकमेकींशी धरून ठेवणारं ई-कॅडहेरिन कॅल्शियमशिवाय सुटतं आणि त्यामागून टाइट जंक्शनही विस्कटतं. कॅल्शियमविरहित एचबीएसएसने (पेशी धुण्याच्या क्षारद्रावणाने) दोनदा धुवा, मग कॅल्शियम धरून ठेवणारं ईजीटीए २ मिलिमोलर घाला. अर्ध्या तासात टीईईआर कोसळायला हवा. मग नेहमीचा मीडिया परत द्या, काही तासांत तो वर चढू लागतो. कोसळला नाही तर तुमचा मीटर थराशिवाय दुसरंच काही मोजतोय.

आता भिरंड

सोलं (भिरंडाच्या वाळवलेल्या साली) पाण्यात उकळून, गाळून तो अर्क घातला की आकडा धडाधड खाली येतो. कारणं तीन, आणि तिन्हींचा सांध्यांवरच्या औषधी परिणामाशी संबंध नाही.

पहिलं आम्लता. अर्काचा पीएच ७.४ वर आणा आणि मीडियात मिसळल्यावर पुन्हा मोजा. दुसरं परासरण: अर्काने द्रावणाचा दाट-पातळपणा बदलतो, तो नियंत्रणातल्या (अर्क न घातलेल्या) द्रावणाइतका करा. शिवाय साध्या पाण्यातला अर्क मीडियाला पातळ करून त्याची वीजवाहकता घटवतो आणि टीईईआर उगाच वाढलेला दिसतो. म्हणून रिकाम्या इन्सर्टमध्येही अर्क घातलेलाच मीडिया हवा.

तिसरं कारण सहसा कुणाच्या ध्यानात येत नाही. भिरंडाच्या सालीत हायड्रॉक्सिसिट्रिक आम्ल भरपूर असतं, आणि सिट्रिक आम्लाच्या कुळातली आम्लं कॅल्शियमला धरून ठेवतात. म्हणजे पीएच दुरुस्त करूनही तुमचा अर्क नकळत ईजीटीएचंच काम करू शकतो. उपाय सोपा आहे: एका गटात अर्काबरोबर जास्तीचं कॅल्शियम क्लोराइड द्या, एका गटात अर्काइतक्याच पीएचचं आणि तितक्याच मोलरचं साधं सिट्रेट द्या. कॅल्शियम दिल्यावर परिणाम नाहीसा झाला तर तुम्हाला औषध सापडलेलं नाही, रसायन सापडलंय.

भिरंडातलंच गार्सिनॉल तपासायचं असेल तर ते पाण्यात विरघळत नाही, डीएमएसओ हा द्रावक लागेल. डीएमएसओ ०.५ टक्क्याच्या आत ठेवा आणि तेवढंच नियंत्रणातही घाला. कुठलीही मात्रा इन्सर्टवर नेण्याआधी साध्या ९६ वेलच्या प्लेटवर पेशी जिवंत राहतात का ते बघा. मेलेल्या पेशींचा टीईईआर घटणारच, त्यासाठी एकवीस दिवस थांबायची गरज नाही.

भिरंडाऐवजी फेणीचा परिणाम तपासणाऱ्यांसाठी एक सूचना. बाटलीतली फेणी न घालता शुद्ध इथेनॉल आणि त्यापासून शरीरात बनणारं ॲसिटाल्डिहाइड वेगवेगळं तपासा. कॅको-२ चे सांधे ॲसिटाल्डिहाइडने सैल होतात हे माहीत आहे. पण त्याचा उत्कलनबिंदू सुमारे २० अंश आहे. गोव्याच्या खोलीत बाटली उघडली की ते उडून जातं आणि शेजारच्या वेलमध्येही पोचतं. बाटली बर्फात, प्लेट सीलबंद, आणि नियंत्रणाचे इन्सर्ट वेगळ्या प्लेटमध्ये.

झिरपणारा रंग

टीईईआर आयनांबद्दल बोलतो. मोठ्या रेणूंसाठी ल्युसिफर यलो (रेणुभार सुमारे ४५७) किंवा ४ किलोडाल्टनचं एफआयटीसी-डेक्स्ट्रान वापरा. एचबीएसएसने थर धुवा, आत रंग घाला, बाहेर नुसतं एचबीएसएस, ३७ अंशांवर हळू हलवत ठेवा. दर अर्ध्या तासाने बाहेरून थोडं द्रावण काढा आणि तेवढंच ताजं भरा. एफआयटीसी ४९० नॅनोमीटरवर उजळवून ५२० वर वाचा.

पारगम्यता = दर सेकंदाला पलीकडे गेलेली मात्रा ÷ (क्षेत्रफळ × सुरुवातीची तीव्रता). समजा तासाभरात घातलेल्या रंगाचा ०.३ टक्का पलीकडे गेला. आत ०.५ मिलिलिटर होतं, म्हणजे ०.००१५ मिलिलिटरइतका रंग ३,६०० सेकंदांत. १.१२ ने भागल्यावर सुमारे ०.३७ गुणिले १० चा उणे सहावा घात, सेंटिमीटर प्रति सेकंद. ल्युसिफर यलोसाठी हा चांगल्या थराचा आकडा.

भिरंडाचा लाल रंग इथं पुन्हा आडवा येतो. तो प्रकाश शोषून वाचन दाबतो, आणि गळती वाढली असली तरी कमी दिसते. म्हणून प्रमाणरेषा अर्क मिसळलेल्या द्रावणातच काढा, किंवा अर्क धुऊन टाकल्यावर रंग घाला. दुसरा मार्ग मला जास्त पसंत आहे.

चित्र

मोजून झालेल्या त्याच इन्सर्टवर झेडओ-१ चं रंगकाम करा. उणे २० अंशांच्या मिथेनॉलमध्ये काही मिनिटं, मग प्रतिपिंडं. पटल धारदार पात्याने कापताना कडेला एक खाच ठेवा, नाहीतर पेशींची बाजू कुठली हे स्लाइडवर कळत नाही. चांगल्या थरात प्रत्येक पेशीभोवती अखंड रेषा आणि एकूण षटकोनी जाळी दिसते. रेषा तुटक, नागमोडी किंवा पेशीच्या आत विखुरलेली असेल तर लिहून ठेवा. चित्र घेताना सुंदर कोपरा निवडू नका. जागा आधी ठरवा, मग सूक्ष्मदर्शक तिथं न्या.

निकाल वाचताना

टीईईआर घटला, पण डेक्स्ट्रान गेलं नाही आणि जाळी अखंड: छिद्रांची वाट वाढली असावी. क्लॉडिन-२ तपासा. एमडीसीके पेशींच्या दोन जातींत नेमका हाच फरक आहे. एकीत क्लॉडिन-२ नाही आणि तिचा रोध हजारांत, दुसरीत ते आहे आणि रोध शेकड्याच्या आसपास, तरी मोठ्या रेणूंना दोघी अडवतात. टीईईआर घटला, डेक्स्ट्रान गेलं आणि जाळीत भोकं: पेशी मेल्यात, सांध्यांबद्दल काही बोलू नका. टीईईआर घटला, डेक्स्ट्रान थोडं वाढलं, पेशी जिवंत पण झेडओ-१ ची रेषा विस्कटलेली: सांध्यांवरचा खरा परिणाम इथं शोधा, अर्थात कॅल्शियमचा गट त्याला दुजोरा देत असेल तर.

आणि टीईईआर वाढला, जे प्रत्येकाला हवं असतं, तेव्हा सर्वांत जास्त शंका घ्या. खोली गार होती का, अर्काने मीडिया पातळ झाला का, थर कुठे दुपदरी झाला का, हे आधी बघा. यांतलं काही नसेल आणि डेक्स्ट्रानची गळतीही कमी झाली असेल, तर अहवालात एवढंच लिहा की या मात्रेत, या पेशींत, इतक्या तासांत आयन आणि ४ किलोडाल्टनचा रेणू कमी झिरपला. पोट, जेवण आणि सोलकढीचा पेला यांविषयीचं वाक्य त्या अहवालात नको.